बूच आणि तोटी

जालन्याहून अंबडकडे किंवा मंठ्याकडे जाताना रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजात ट्रकचे ऑइल बदलणे चालले असेल, तर थोडे थांबून पाहावे. मेकॅनिक पाठीवर सरकत गाडीखाली जातो, पान्याने ऑइल चेंबरचा बोल्ट सैल करतो, शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवतो आणि हात झटकन मागे घेतो. गरम, काळे ऑइल डब्यात पडते. थोडे मनगटावर, थोडे मातीत. त्याच ट्रकला हवेचे ब्रेक असतील, तर हवेच्या टाकीत साचलेले पाणी काढण्यासाठी खाली एक छोटी तोटी असते. ती हातानेच उघडते. एकाच गाडीखाली एका निचऱ्याला बूच आणि दुसऱ्याला तोटी, असे का?

याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. ते झिरपते, धुळीत मिसळते, संपते; पुन्हा घालायचे. जुने वंगण बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही.

हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला आणि वाफेची इंजिने येथे धावू लागली. वाफेच्या इंजिनात निचरा पाण्याचा असे. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र बाष्पकात उरतात. म्हणून ते दाट पाणी वरचेवर सोडून द्यायला तोटी असे. तळाशी बसलेला गाळ धुण्यासाठी मात्र इंजीन थंड करून, बाष्पकाची बुचे पान्याने काढावी लागत. हे काम काही दिवसांतून एकदाच, तेही शेडमध्ये होई. यातून एक साधा नियम दिसतो. जे वारंवार उघडायचे त्याला तोटी, क्वचित उघडायचे त्याला बूच. बूच स्वस्त असते, घट्ट बसते आणि चुकून उघडत नाही.

पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात तेच ऑइल तळाच्या चेंबरमधून पुन्हा पुन्हा फिरू लागले. त्यात काजळी, धातूचे कण आणि ज्वलनातून आलेले पाणी मिसळते. ऑइल आता आपोआप संपत नाही, ते खराब होते. निचऱ्याचा प्रश्न इथे जन्मला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत हाच नियम पाहायला मिळतो. ऑइलची पातळी पाहण्यासाठी एकावर एक अशा दोन छोट्या तोट्या होत्या, कारण पातळी वरचेवर पाहावी लागे. जुने ऑइल काढायला मात्र तळाला बूच होते.

१९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीच्या ऑइलसाठी गाळणी तयार केली. पुढे काजळी तरंगती ठेवणारी द्रव्ये ऑइलमध्ये घालू लागले. ऑइल जास्त दिवस टिकू लागले. आज पुष्कळ मोटारींत ते सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर बदलतात. तेव्हा बूच राहिले यात नवल नाही.

पण हा ‘क्वचित’ कोणाचा? मोटारमालकाला ऑइल वर्षातून एकदा-दोनदा बदलावे लागते. मेकॅनिकला तेच काम रोज, कधी दिवसातून चार-पाच वेळा करावे लागते. नियम ठरवताना गाडी मोजली गेली, माणूस मोजला गेला नाही. खनिज तेल अंगावर सतत पडत राहिले, तर त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ मध्येच सूतगिरणीतील कामगारांबाबत दाखवून दिले होते.

बुचाच्याच भोकात बसणारे व्हॉल्व्ह आता मिळतात. आत आरपार छिद्र असलेला गोळा असतो. दांडी पाव फेरा फिरवली की छिद्र धारेसमोर येते. तोंडाला नळी लावली, की ऑइल थेट कॅनमध्ये जाते. आटे झिजत नाहीत, दर वेळी नवा वायसर लागत नाही. उणिवाही आहेत. व्हॉल्व्ह खाली लोंबतो, त्यामुळे खडकाळ वाटेवर दगड लागण्याची भीती असते. दांडीला अडसर नसेल तर ती धक्क्याने उघडू शकते. तळाचे थोडे ऑइल आतच राहते. शिवाय कॅनमधले ऑइल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे गेले नाही, तर व्हॉल्व्हचा अर्धा उपयोग वाया गेला. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर जगलेल्या या जिल्ह्यात विहिरीशेजारी सांडलेले ऑइल लहान गोष्ट नव्हे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पत्र्याच्या डब्याला तळाशी भोक पाडून त्यातून करडईचे तेल किती वेळात निथळते ते मोजा. मग तेल गरम पाण्यात डबा ठेवून कोमट करा आणि पुन्हा मोजा. कोमट तेल लवकर निथळते. मेकॅनिक ऑइल गरम असतानाच का काढतो, आणि त्याचा हात का भाजतो, ही दोन्ही उत्तरे मुलांना त्यात सापडतील. त्यानंतर मुलांना जवळच्या गॅरेजात पाठवावे. एका दिवसात तेथे किती बुचे उघडली गेली, ते त्यांनी मोजून आणावे.