दंत-आसंजके : दंतपृष्ठ-संस्काराचा इतिहास

दातातील भरण दाताला चिकटून राहावे म्हणून वापरण्यात येणाऱ्या रेझीनयुक्त पदार्थांना दंत-आसंजके म्हणतात. आसंजकाच्या रासायनिक घटकांइतकेच दाताच्या पृष्ठभागावर आधी केलेल्या संस्कारांनाही महत्त्व असते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमाक्रमाने स्पष्ट झाली.

तत्पूर्वी भरणासाठी मुख्यत्वे पारदमेल वापरीत. तो दाताला चिकटत नसल्यामुळे आत रुंद व तोंडाशी अरुंद असा खळगा कोरावा लागे आणि त्यात दाताचा निरोगी भागही खर्ची पडे.

धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फॉरिक अम्लाचा उपयोग करीत. त्यावरून अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्वोनोकोर यांनी दाताच्या बाह्य कठीण थरावर, म्हणजे दंतवल्कावर, ८५% फॉस्फॉरिक अम्ल ३० सेकंद लावून पाहिले. अशा पृष्ठावर ॲक्रिलिक रेझीन पुष्कळच अधिक काळ टिकते, असे त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. दंतवल्कात वजनाने सुमारे ९६% खनिज असते. अम्लाने ते असमान विरघळून सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत शिरलेले रेझीन घट्ट होऊन अडकून बसते. यासाठी पृष्ठभाग कोरडा लागतो. लाळेचा स्पर्शही बंध दुबळा करतो.

दंतवल्काखालील दंतिनाची गोष्ट निराळी आहे. त्यात कोलॅजेन तंतू व पाणी बरेच असून कोरताना त्यावर भुकटीचा पातळ लेप बसतो. अम्लाने दंतमगजास इजा होईल, या भीतीने दंतिनावर ते वापरणे अनेक दंतवैद्य टाळीत. जपानमध्ये ताकाओ फुसायामा यांनी १९७९ मध्ये दोन्ही थरांवर अम्लसंस्कार करण्याचा पुरस्कार केला. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझीन कोलॅजेनच्या जाळ्यात शिरून संकरित थर बनतो, असे दाखविले. मात्र दंतिन फार वाळविल्यास हे जाळे खाली बसते व रेझिनाला वाट मिळत नाही. म्हणून १९९० नंतर ते किंचित ओलसर ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

पुढे आलेल्या स्वयं-अम्लकारी आसंजकांमुळे दंतिनावरील स्वतंत्र अम्लसंस्कार टळला. परंतु दंतवल्काच्या कडांवर तो अद्यापि हितकर ठरतो. पाणी व विकरे यांमुळे संकरित थर कालांतराने झिजतो, ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. तथापि भरण धरून ठेवण्यासाठी निरोगी दात कोरण्याची गरज या संशोधनाने पुष्कळ कमी केली आहे.