अंश मोजला, छेद राहिला

१८ मार्च १९५०. स्विंडनच्या काउंटी ग्राउंडवर स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स असा सामना होता. प्रेक्षकांत रॉयल एअर फोर्सच्या हिशेब खात्यातले अधिकारी चार्ल्स रीप बसले होते. पहिल्या हाफमध्ये स्विंडनची चढाई पुन्हा पुन्हा वाया जाताना बघून ते वैतागले. मध्यंतरानंतर त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि स्विंडनच्या प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली. उरलेल्या अर्ध्या सामन्यात चढाया भरल्या १४७. स्विंडन १-० ने जिंकलं. घरी जाऊन रीप यांनी हिशेब मांडला: पूर्ण सामन्यात साधारण २८० चढाया, सरासरी दोन गोल, म्हणजे ९९.२९ टक्के चढाया फुकट.

फुटबॉलची पद्धतशीर आकडेमोड सुरू झाली ती इथून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी याच गावात गणित शिकवते. मूळची मडगावची. स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार हजारोंच्या संख्येने आहोत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलो आणि गोदामांत, कारखान्यांत, इस्पितळांत कामाला लागलो. फुटबॉल आमच्याबरोबरच आला. धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांच्या सामन्यांवर वाद घालत मोठी झालेली माणसं आता शनिवारी सकाळी फॅन्टसीची टीम लावतात, म्हणजे खऱ्या खेळाडूंची काल्पनिक टीम, जिला त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवरून गुण मिळतात. माझा भाचा गोदामात रात्रपाळी करतो. घरी येऊन बूट काढायच्या आधी विचारतो, "मावशी, सलाहला ठेवू की काढू?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर रीप यांच्या वहीपर्यंत मागे जावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

रीप पुढे मोजतच राहिले. आयुष्यभरात त्यांनी दोन हजारांहून अधिक सामने टिपले. प्रकाशझोतातल्या सामन्यांना खाणकामगाराचं दिव्याचं हेल्मेट घालून बसत, म्हणजे कागद दिसावा. १९५८ च्या वर्ल्ड कप फायनलच्या नोंदी त्यांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळीवर केल्या. प्रत्येक पाससाठी त्यांची स्वतःची खूण होती. मैदानाचा कुठला भाग, पास उंच की जमिनीलगत, पोचला की तुटला, हे सगळं त्या खुणांत बसायचं. कॉम्प्युटर नसताना एका माणसाने हे एकट्याने केलं. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

१९६८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्याबरोबर त्यांचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात एक निष्कर्ष असा: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात. यावरून रीप यांनी सल्ला दिला की पास कमी करा, चेंडू लवकर पुढे मारा. इंग्लंडमध्ये लांब चेंडूच्या खेळाला या आकड्याने कित्येक वर्षं शास्त्राचा आधार पुरवला.

आता हाच आकडा नववीच्या वर्गात फळ्यावर लिहायचा आणि पोरांना विचारायचं, आणखी काय कळलं पाहिजे? एखादी हुशार मुलगी हात वर करते: "मिस, एकूण चढायांपैकी तीन पासांच्या आतल्या किती होत्या?" रीप यांच्याच नोंदींत उत्तर होतं: ९१.५ टक्के. म्हणजे पासांच्या संख्येने काहीच फरक पडत नसता, तर ९१.५ टक्के गोल छोट्या चढायांतून यायला हवे होते. आले ८० टक्क्यांच्या आसपास. लांब चढाया संख्येने थोड्या, पण वाट्यापेक्षा जास्त गोल देणाऱ्या निघाल्या. रीप यांनी अंश अचूक मोजला आणि छेदाकडे पाहिलं नाही. पुढे या खेळात ज्यांनी ज्यांनी आकड्यांवर पैसे किंवा इभ्रत लावली, त्यांच्या बाबतीत हाच छेद निर्णायक ठरला.

फॅन्टसीचा खेळ इंग्लंडमध्ये तसा उशिरा आला. अमेरिकेत बिल विंकेनबाख आणि त्यांच्या ओकलंडच्या मित्रांनी १९६२ मध्ये अमेरिकन फुटबॉलसाठी अशी लीग मांडली होती. १९८० मध्ये पत्रकार डॅनियल ओक्रेंट आणि मंडळींनी बेसबॉलची लीग काढली आणि तिला न्यूयॉर्कमधल्या रोटिसरी रेस्टॉरंटचं नाव चिकटलं. त्या बेसबॉलवरून सुचून मिलानच्या रिक्कार्दो अल्बिनींनी फान्ताकाल्चो हा फुटबॉलचा खेळ बनवला. इटलीची गंमत अशी की तिथे गुणांचा पाया पत्रकार घालतात: दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खेळाडूला दहापैकी जे गुण मिळाले ते घ्यायचे, त्यात गोलाचे तीन मिळवायचे, पिवळ्या कार्डाचा अर्धा वजा करायचा. इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी फॅन्टसी लीग सुरू केली. तीन वर्षांत डेली टेलिग्राफने स्वतःचा खेळ काढला आणि बीबीसीवर डेव्हिड बॅडील आणि फ्रँक स्किनर यांचा फॅन्टसीवरचा कार्यक्रम लागला. १९९६ मध्ये ऑप्टा ही आकडेवारीची कंपनी आली. तिने प्रीमियर लीगच्या प्रत्येक खेळाडूच्या पास, टॅकल, शॉटला गुण देऊन मागच्या सहा सामन्यांवरून क्रमवारी लावायला सुरुवात केली. रीप यांची वही आता कंपनीच्या हातात आली होती.

प्रीमियर लीगचा अधिकृत फॅन्टसी खेळ २००२-०३ च्या हंगामात सुरू झाला. माझा भाचा खेळतो तो हाच. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये पंधरा खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. बचावपटूच्या गोलाला ६ गुण, मिडफिल्डरच्या ५, फॉरवर्डच्या ४. असिस्टला ३. या छोट्या नियमांत फार मोठा हिशेब लपलेला आहे, तो सलाहवरून समजावून सांगते.

२०१७-१८ मध्ये मोहम्मद सलाहने लीगमध्ये ३२ गोल केले आणि फॅन्टसीत ३०३ गुण मिळवले. तोवर एवढे गुण कोणालाच मिळाले नव्हते. खेळाच्या यादीत तो मिडफिल्डर होता, म्हणून नुसत्या गोलांचे झाले १६०. फॉरवर्ड असता तर १२८. म्हणजे ३२ गुण यादीतल्या एका शब्दाने दिले. हंगामाच्या सुरुवातीला त्याची किंमत होती ९० लाख. दर दहा लाखांमागे गुण काढले तर ३३.७ येतात. पुढच्या वर्षी त्याची किंमत १ कोटी ३० लाख झाली. त्याने २२ गोल केले, सादियो माने आणि ऑबामेयांगच्या बरोबरीने गोल्डन बूट घेतला, गुण २५९. हा हंगाम वाईट म्हणायचं धाडस कोणी करणार नाही. पण दर दहा लाखांमागे गुण निघाले १९.९. खेळाडू तोच, क्लब तोच, बूटही सोन्याचाच. किंमत छेदात बसली आणि सगळा हिशेब बदलला.

भाच्याला मी एक वही करून दिली आहे. तिच्यात गुणांचा रकाना शेवटी आहे. आधी मिनिटं, मग शॉट, त्यातले बॉक्सच्या आतले किती, पेनल्टी कोण मारतो, कॉर्नर कोण घेतो, पुढचे पाच सामने कोणाशी. कारण गोल झाला की नाही यात नशिबाचा हिस्सा मोठा असतो, पण खेळाडू दर आठवड्याला गोलाच्या जागी पोचतो की नाही यात कमी असतो. पेनल्टी दहापैकी साडेसात-आठ वेळा गोल होते. दुरून मारलेला शॉट शंभरात तीन-चार वेळा. दुरून सलग दोन गोल करणाऱ्याच्या मागे सगळे धावतात, तेव्हा वहीत त्याच्या नावापुढे शॉट किती ते बघायचं. जो अपवादाने वर गेला तो पुढच्या महिन्यात बहुधा सरासरीकडे येतो. एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं.

या खेळात व्यापारही आहे. एखाद्याला लाखो लोक विकत घेऊ लागले की त्याची किंमत लाखाने चढते. तुम्ही त्याला विकलात तर नफ्याचा अर्धा भाग हाती लागतो. म्हणजे किंमत गोलांवर चढत नाही, खरेदीदारांच्या गर्दीवर चढते. इथे पैसे काल्पनिक आहेत म्हणून कोणाचं बिघडत नाही.

२०१५ मध्ये फुटबॉल इंडेक्स नावाची गोष्ट आली तेव्हा मात्र पैसे खरे होते. तिने स्वतःला फुटबॉलचा शेअर बाजार म्हणवून घेतलं. खेळाडूचे शेअर घ्यायचे, भाव चढला की विकायचे. शिवाय लाभांश: आधी वर्तमानपत्रांत गाजणाऱ्यांना, पुढे मैदानावर गुण मिळवणाऱ्यांनाही. गुण ऑप्टाच्या आकड्यांवरून ठरायचे. इथे संख्याशास्त्राची आवड असलेली तरुण मंडळी जीव ओतून कामाला लागली. कुठला मिडफिल्डर सामन्यागणिक किती पास देतो, कुठला फुलबॅक क्रॉस टाकून गुण उचलतो, कुठल्या दिवशी कमी सामने असल्याने पहिला नंबर सोपा पडतो, याची त्यांनी केलेली कोष्टकं मी पाहिली आहेत. काम चोख होतं. माझ्या विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

पण कायद्याच्या दृष्टीने तो शेअर नव्हताच. ती तीन वर्षांची पैज होती आणि परवाना जुगार आयोगाचा होता. नवे शेअर कंपनी स्वतः काढून विकत होती. एका खेळाडूवर एकूण किती लोकांना किती लाभांश द्यायचा आणि तो येणार कुठून, हा या हिशेबाचा छेद. खेळाडूच्या कितीही चांगल्या कोष्टकात तो सापडणार नव्हता, कारण तो मैदानावर नव्हता. नवे पैसे येत राहिले तोवर भाव चढले, भाव चढले म्हणून आणखी पैसे आले. नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि क्वीन्स पार्क रेंजर्सच्या जर्सीवर नाव झळकलं, तेव्हा सामान्य माणसाला ते भक्कम वाटलं यात नवल नाही.

मार्च २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने लाभांशात प्रचंड कपात जाहीर केली. भाव कोसळले. ११ मार्चला व्यवहार थांबले आणि त्याच महिन्यात कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. ग्राहकांचे अडकलेले पैसे सुमारे ९ कोटी पौंड असल्याचा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला. मिडफिल्डर ब्रूनो फर्नांडिस त्या आठवड्यातही तितकाच चांगला खेळत होता. त्याच्या पासांचा, पेनल्टींचा एकही आकडा खोटा ठरला नाही, तरी त्याचे शेअर घेतलेल्या माणसाचे पैसे गेले.

मला राग येतो तो इथे. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या माल्कम शीहान यांचा अहवाल आला. जुगार आयोगाला या उत्पादनाच्या धोक्यांबद्दल आधीच इशारे मिळाले होते आणि त्याने अधिक लवकर, अधिक जोरात पावलं उचलायला हवी होती, असं त्यातून दिसलं. जुगार आयोग आणि वित्त नियामक यांच्यात हे प्रकरण नेमकं कोणाचं, यातही वेळ गेला. लोकांना 'अभ्यास करा, मगच पैसे लावा' असं सांगितलं जातं. त्यांनी अभ्यास केला होता. त्यांना जो आकडा तपासता येण्यासारखा नव्हता, तो तपासणं नियामकांचं काम होतं.

खात्यात नुसती शिल्लक म्हणून पडून असलेली रक्कम वेगळी ठेवलेली होती, ती कोर्टाच्या निकालानंतर लोकांना परत मिळाली. शेअरमध्ये घातलेली रक्कम पैज म्हणून धरली गेली. भाच्याच्या पाळीतल्या पोरांनी आता नव्या कुठल्याशा ॲपची जाहिरात दाखवली की तो खेळाडूंची यादी बघत नाही. आधी विचारतो, जिंकणाऱ्याला पैसे देणार कोण, आणि कशातून.