इंदापूरची मोजणी आणि एकराचा हिशेब
पेशवाईच्या अस्तानंतर इंदापूर आणि बारामतीचा मुलूख कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा येथील जमीन बिघे आणि चाहुरांनी गणली जाई. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर, असे कोष्टक असल्याने चाहुरात ४८,००० चौरस काठ्या भरत. आणि या संख्येचे मूळ अवयव २, ३ व ५ एवढेच असल्यामुळे निमाई, तिजाई, चौथाई, पाचवा, कोणताही वाटा कुलकर्ण्याला अपूर्णांकावाचून मांडता येई.

१८३०च्या सुमारास कंपनीचे अधिकारी प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात नवी जमाबंदी केली. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा पगडा असलेल्या या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या शेकडा ५५ सरकारी सारा ठरविला. परंतु मोजणीदारांची लबाडी, अवर्षण आणि धान्याचे कोसळलेले भाव यांपुढे ते सूक्ष्म गणित टिकेना. इंदापूर तालुक्यातील कितीतरी जमिनी पडीक राहिल्या आणि रयत शेजारच्या मुलखात निघून गेली. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६पासून याच तालुक्यात नऊ प्रतींची सोपी प्रतबंदी करून तीस वर्षांसाठी धारा कायम केला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली.

या मोजण्यांबरोबर चाळीस गुंठ्यांचा एकर रूढ झाला. गुंठा म्हणजे तेहतीस फुटी बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट. म्हणून एकर ४३,५६० चौरस फुटांचा. ही संख्या २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११ अशी फुटते आणि तिला ७२ विभाजक आहेत, चाहुराच्या संख्येहून आठ अधिक. एकपासून बारापर्यंत केवळ सात तिला निःशेष भागत नाही. सहा चौरस फूट बाकी राहतात. गुंठ्याचे सोळा आणे असल्याने एकराचे ६४० आणे होतात, आणि त्यांत तीन हा अवयवच नाही. म्हणून तिघा भावांच्या वाट्याला कागदावर तेरा गुंठे सव्वापाच आण्यांहून किंचित अधिक, असा अवघड आकडा येतो. बांधावर मात्र अडचण पडत नाही, कारण तेहतीस फुटांच्या बाजूवर अकरा-अकरा फुटांच्या तीन पट्ट्या नेमक्या बसतात.

गुंठ्याच्या संख्येत एक चमत्कारही आहे. नऊ गुंठ्यांचा चौरस नव्व्याण्णव फूट बाजूचा होतो आणि त्याचे क्षेत्रफळ ९,८०१ येते, म्हणजे १,०८९ उलट क्रमाने. ९८ व ०१ यांची बेरीज पुन्हा ९९. ज्या संख्यांच्या वर्गाचे असे दोन भाग बेरजेने मूळ संख्या परत देतात, त्या देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जातात.

पुढे हेक्टर आला. त्याचे १०,००० चौरस मीटर केवळ २ व ५ यांचे, विभाजक अवघे पंचवीस. तिघांत वाटताना एक चौरस मीटर उरतोच. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर नोंदले जातात, पण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील जमिनीची खरेदी आणि भावकीचे वाटप अद्याप गुंठ्यांतच बोलले जाते. मोजणीचे माप दरबार ठरवितो. ते टिकवायचे की नाही, हे वाटपाला बसलेली भावकी ठरविते.