महाबळेश्वरचे पॉइंट: एका अपेक्षेचा मागोवा

जुलैतल्या शनिवारी आर्थर्स सीटच्या कठड्याशी उभं राहिलं, तर समोर बहुतेक वेळा पांढऱ्या धुक्याखेरीज काही नसतं. वाहनतळ भरलेला असतो, मक्याची कणसं भाजणाऱ्या शेगड्या पेटलेल्या असतात. पुण्या-मुंबईहून कित्येक तास गाडीत बसून आलेली कुटुंबं दहा मिनिटं थांबतात आणि परत फिरतात. परतताना एकच वाक्य ऐकू येतं, 'काही दिसलंच नाही.' त्या माणसांचा हिरमोड खरा असतो. सुट्टी मोजून घेतलेली असते, पैसे जमवलेले असतात, घरातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवलेलं असतं.

पण ठरावीक जागी जाऊन उभं राहायचं आणि समोर काहीतरी दिसलंच पाहिजे, ही अपेक्षा या डोंगरावर फार जुनी नाही. तिचं वय जेमतेम दोनशे वर्षं आहे.

त्याआधी इथे माणसं येत नव्हती असं नाही. बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवरचं क्षेत्र महाबळेश्वर शतकानुशतकं नांदतं आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांचा उगम तिथे मानतात. भाविक घाट चढून यायचा, पंचगंगेच्या कुंडात स्नान करायचा, अभिषेक करायचा, नदीची ओटी भरायचा. धुकं असलं म्हणून त्याची यात्रा वाया जात नसे, कारण तिची पूर्तता त्याच्या हातून होणाऱ्या कृतीत होती. भोवतीच्या रानात कोळी, कुणबी, धनगर राहत. धावड लोक दगडातून लोखंड गाळत. त्यांच्या लेखी डोंगराची धार म्हणजे खिंड, वाट, चराईचं रान. आज ज्याला केट्स पॉइंट म्हणतात ती नाके खिंड होती, विल्सन पॉइंट हा सिंडोळा होता आणि आर्थर्स सीटची जागा मढीमहाल म्हणून ओळखली जायची.

पॉइंटचे पूर्वज शोधायला मात्र इंग्लंडात जावं लागतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे निसर्ग चित्रासारखा पाहण्याची आवड रुजली. विल्यम गिल्पिन या पाद्र्याने वाय नदीच्या काठाने प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. कुठला देखावा चित्रात शोभेल आणि कुठला नाही, याचे निकषच त्याने मांडले. त्याआधी १७७८ मध्ये थॉमस वेस्टची लेक डिस्ट्रिक्टवरची मार्गदर्शिका निघाली होती. सरोवर नीट दिसावं म्हणून प्रवाशाने नेमकं कुठे उभं राहायचं, ती ठिकाणं वेस्टने नेमून दिली. त्यांना तो 'स्टेशन' म्हणे. महाबळेश्वरच्या पॉइंटचा थेट पणजोबा हाच.

त्या प्रवाशांच्या खिशात एक छोटा, फुगीर, काळसर आरसा असे. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावाने तो ओळखला जाई. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात त्याचं लहान, मंद रंगांतलं प्रतिबिंब पाहायचं, अशी ती रीत. थॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि त्याची बोटं सोलवटली, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. पुढे १७९० च्या दशकात विंडरमियर सरोवराकाठी वेस्टने नेमलेल्या एका ठिकाणी इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. नारिंगी काचेतून शरद ऋतू दिसे, गडद निळीतून चांदणं. निसर्गाने त्या दिवशी जे दिलं नाही ते काचेने पुरवायचं, ही सोय तेव्हाच सुरू झाली. डोळ्यांसमोर जे आहे त्याहून मनातलं चित्र मोठं झालं की हिरमोडाची जागा तयार होते. ती त्या खिडकीत तयार झालेली होती.

ही नजर घेऊनच कंपनीचे अधिकारी सह्याद्रीत आले. १८२४ मध्ये साताऱ्यातल्या फौजेतला अधिकारी लॉडविक या पठारावर चढला आणि इथल्या थंड हवेची वार्ता खाली गेली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये आजारी गोऱ्या माणसांसाठी इथे आरोग्यस्थान वसवायला घेतलं. पुढच्या वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून, बदल्यात वाईजवळचं खंडाळा देऊन, हा मुलूख कंपनीने घेतला. माल्कम पेठ उभी राहिली आणि कड्याकड्यांवर नवी नावं चढली. एल्फिन्स्टन आणि विल्सन हे गव्हर्नर, केट ही माल्कम यांची मुलगी. सिडनी पॉइंटचं नाव पुढे लॉडविक पॉइंट झालं आणि १८७४ मध्ये लॉडविकच्या मुलाने तिथे वडिलांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला. आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याने मढीमहालाच्या जागी घर बांधलं आणि ती जागा त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हे पॉइंट ज्यांच्यासाठी आखले, ती माणसं दिवसभरासाठी आलेली नव्हती. हंगाम पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून आणि मग मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चाले. मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात इकडे हलायचा. कुटुंबं कित्येक आठवडे मुक्कामाला असत. संध्याकाळी घोड्यावरून किंवा पायी एखाद्या पॉइंटला जायचं, आज ढग असले तर उद्या परत जायचं. पहिला पाऊस लागला की घरांना गवताचे झड लावून सगळे खाली उतरत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या डोंगरावर जुलैत देखावा पाहायला कुणी येईल, हे त्या आखणीत बसतच नव्हतं. पॉइंटला दिसण्याची हमी कधीच नव्हती. मुक्कामाची सवड होती आणि तिने ती उणीव भरून काढली.

त्या सवडीची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हेही सांगायला हवं. पालख्या वाहणारे, पाणी भरणारे, लाकडं फोडणारे हात इथलेच होते. जंगल राखायचं म्हणून धावडांच्या लोखंडाच्या भट्ट्या बंद पडल्या. साहेबाला निवांत पाहता यावं म्हणून ज्यांचं रान गेलं, त्यांची नावं कुठल्याच पॉइंटला मिळाली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर हा डोंगर सगळ्यांचा झाला, आणि ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली. शाळांच्या सहली आल्या, नवी जोडपी आली, गिरणगावातली आणि खेड्यातली कुटुंबं आली. पण ज्यांना कारखान्यातून, कचेरीतून दोनच दिवस सुट्टी मिळते, त्यांना साहेबाचे आठवडे कुठून मिळणार? मग मुक्काम आटला आणि पॉइंटची यादी तेवढी उरली. टॅक्सीवाल्यांच्या दरफलकावर 'महाबळेश्वर दर्शन', 'प्रतापगड दर्शन' अशा ठरीव फेऱ्या आल्या. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाल्यावर स्वतःच्या गाडीने शनिवार-रविवारी येऊन जाणं सोपं झालं. पावसाळाही हंगाम ठरला. आठवड्यांच्या मुक्कामासाठी नेमलेली ठिकाणं एका दिवसात उरकायची आणि तीही धुक्याच्या महिन्यांत, अशी वेळ आली.

याच काळात चित्राची ताकद वाढत गेली. कॅलेंडरं, सिनेमा आणि आता फोन. त्याचा सर्वांत ठळक दाखला साताऱ्याजवळच्या कास पठारावर मिळतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश झाला आणि जांभळ्या-पिवळ्या फुलांचे फोटो घराघरांत पोचले. जमिनीला टेकून काढलेल्या फोटोत क्षितिजापर्यंत गालिचा दिसतो. प्रत्यक्षात सीतेची आसवं हे फूल बोटाच्या पेरापेक्षा मोठं नसतं. बहर काही आठवड्यांचाच असतो, आणि तोही पावसाच्या मर्जीवर. ताटव्याच्या आशेने आलेला माणूस उभ्या-उभ्या नजर टाकतो आणि म्हणतो, 'एवढंच?' गुडघे टेकून बसणाऱ्याला मात्र त्याच खडकावर किडे पकडणारी वनस्पती सापडते. ती पाहायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळापत्रकात नेमका तोच नसतो.

कठड्याला पाठ लावून फोनच्या पडद्यात स्वतःला आणि दरीला एकत्र पाहणाऱ्या तरुणांना हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यांना हसावंसं वाटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी काळा आरसा हातात धरणारा प्रवासीही असाच पाठमोरा होता आणि तो रसिक म्हणून मिरवत होता. ही रीत वारशाने आली आहे. फक्त तिच्याबरोबरची सवड वारशात आली नाही.

म्हणून 'ही जागा निराश करते' असं कुणी म्हणालं की मला त्या जागेची आणि त्या माणसाचीही बाजू घ्यावीशी वाटते. दोष त्यांच्यामध्ये उरलेल्या दहा मिनिटांचा आहे. दोनच दिवस हाताशी असतील तर बारा पॉइंट सोडून एकच निवडावा आणि तिथे सकाळ घालवावी. पाऊस असेल तर दरीचा हट्ट सोडून पाऊसच पाहावा. आणि जिथे बघण्यापेक्षा करण्यासारखं काही आहे तिथे जावं. पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत शिरून वाचत बसता येतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पोळं, पेटी आणि रानातला फुलोरा यांचं नातं तिथली माणसं समजावून सांगतात. दोन्ही गावांत धुकं आडवं येत नाही. पंचगंगेच्या कुंडावर येणाऱ्या भाविकाला जे ठाऊक होतं तेच ही गावं नव्याने देऊ पाहत आहेत: प्रवाशाच्या हातांना काही काम द्या, त्याला कुणाशी बोलू द्या, मग जागेला स्वतःला सिद्ध करत बसावं लागत नाही. पर्यटनाचं नियोजन करणाऱ्यांनी पुढचा कठडा बांधण्याआधी एवढा विचार करावा.