ओळखीच्या नावाची सवलत

जपानी चित्रमालिकांवर, म्हणजे ज्यांना ॲनिमे म्हणतात त्यांच्यावर, बेतलेले व्हिडिओ गेम आज आपल्या भोकरातल्या मुलांच्या हातीही आले आहेत. त्यांतला एखादा सुमार निघाला की त्याची कड घेणारे म्हणतात, मूळ कथेच्या चाहत्यांसाठीच तो केलेला, पैसाही थोडा. मग मोठी अपेक्षा कशाला? हा युक्तिवाद उदार दिसतो. तो टिकतो काय, हे इतिहासाला विचारून पाहावे, असे आम्हांस वाटते.

लोकप्रिय कथा नव्या माध्यमात आणण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. कथा घरोघर ठाऊक होती. पैशाची ओढाताण अशी, की विम्याची पॉलिसी गहाण पडली. मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी सांभाळला आणि फिल्मच्या कामांतही हातभार लावला. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांनी लुगडे नेसले. ही उणीव प्रेक्षकांनी पोटात घातली. परंतु कथा ओळखीची, लोक येतीलच, असे म्हणून फाळक्यांनी कष्टांत काटकसर केली नाही. १९१२ साली लंडनला जाऊन ते तंत्र शिकून आले होते.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घरांत जाऊन बसली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला. पुस्तकाच्या पुण्याईवरच तो चालला असता, असे कोणी म्हणेल. पण १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले, ते चित्रपट म्हणून. पुस्तकाने प्रेक्षक दारापर्यंत आणला. आत बसवून ठेवण्याचे काम चित्रपटालाच करावे लागले.

आता खेळांकडे पाहू. १९८२ साली ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर अटारी कंपनीने खेळ काढला. हक्कांसाठी दोन कोटी डॉलरांहून अधिक मोजल्याचे सांगतात. पण नाताळची विक्री साधायची म्हणून तो रचायला सुमारे पाच आठवडेच दिले. न खपलेल्या प्रती १९८३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या आणि २०१४ साली उकरून काढल्या गेल्या. उलट ‘गोल्डनआय’ हा चित्रपट १९९५चा, त्यावरचा खेळ १९९७चा. तो रचणारी मंडळी थोडी आणि बहुतेक नवखी. पण त्यांना वेळ मिळाला आणि खेळ नावाजला. ॲनिमेचेही तेच. ‘ड्रॅगन बॉल’वरचा २०१८चा ‘फायटरझेड’ हा खेळ हाताने काढलेल्या चित्रांचा भास निर्माण करतो. मालिका न पाहिलेल्यांनीही तो लढतीचा खेळ म्हणून मानला.

यावरून एक भेद ध्यानी येतो. थोडा पैसा ही अडचण आहे. तिला सवलत द्यावी. थोडी आस्था हा दोष आहे; त्याला सवलत नाही. हक्कांचे मोल आधी जाते, मालिका रंगात असेतो माल बाजारात आणण्याची घाई होते, आणि कात्री लागते ती रचनेला. हे कारण खरे आहे. पण कारण म्हणजे समर्थन नव्हे. ती वाटणी निर्मात्याने केलेली असते, गिऱ्हाइकाने नव्हे. दाम मात्र तो पुरे मोजतो.

आपल्या माळेगावच्या जत्रेतला रसिक फाटक्या कनातीबद्दल तक्रार करीत नाही; पण ओळखीच्या वगात सोंगाड्या चुकला की तो ताबडतोब ओळखतो. कथा ठाऊक असणे हे रसिकाचे भोळेपण नसून त्याची तयारी होय. भोकरचा मुलगा साठवलेल्या पैशांतून खेळ घेतो, तो त्या पात्रांवर माया आहे म्हणून. त्या मायेला गृहीत धरून हलका माल पुरवणे म्हणजे विश्वासाचा घात आहे. आणि आपण तो मुकाट्याने पत्करला, तर पुढचा माल त्याहून हलका येईल. म्हणून आमचे मत असे, की ओळखीच्या नावाने अपेक्षा कमी होत नाही, जबाबदारी वाढते.