वारा पडला, तार तुटली : आस्कोव ते गेडसर

१८९१. डेन्मार्कमधील आस्कोव या गावी, ग्रामीण तरुणांसाठी चालणाऱ्या लोकविद्यालयात पोल ला कूर या शिक्षकाने वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. तिची वीज साठवण्यासाठी त्यांनी पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवला व त्यावर विद्यालयातील दिवे पेटवले. मात्र हायड्रोजनमध्ये थोडा जरी प्राणवायू मिसळला, तरी स्फोट होई. खिडक्यांच्या काचा एकदाच नव्हे, अनेकदा बदलाव्या लागल्या!

पुढे बॅटऱ्या आल्या आणि धोक्याने रूप पालटले. वारा असेपर्यंत डायनॅमो बॅटरी भरत असतो. वारा पडला की त्याचा विद्युतदाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि प्रवाह उलटा वाहू लागतो. बॅटरी रिकामी होते; डायनॅमो मोटर बनून चक्कीलाच फिरवू पाहतो, त्याची वेटोळी तापतात. वारा मध्यरात्री पडला तर कळ दाबायला कोण जागे असणार? ला कूर यांनी अशा वेळी जोडणी आपोआप तोडणारी कळ तयार केली.

पण कळ बसवणारा हातही जाणता हवा. खेड्यात वीज नवी, आणि चुकीची जोडणी दिसून येईपर्यंत उशीर झालेला असे. ला कूर यांच्या कार्याचा हाही एक भाग आहे: १९०४ पासून आस्कोवमध्ये ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे रीतसर वर्ग भरू लागले. आरंभीच्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा एक तरुण होता.

याच यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची, तीन पात्यांची पवनचक्की प्रत्यावर्ती विजेच्या जाळ्याला जोडली. येथे प्रश्न नेमका उलटा होता. असिंक्रोनस जनित्राचा वेग जाळेच आवरून धरते. वादळात तार तुटली, तर जनित्रावरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि मोकळी झालेली पाती बेफाम फिरू लागतात. विजेवर चालणारा ब्रेक अशा वेळी काय कामाचा? म्हणून यूल यांनी पात्यांची टोकेच वळती केली. वेग मर्यादेपलीकडे गेला की केंद्रोत्सारी बलानेच ती आडवी वळत आणि वाऱ्याला अडवून चक्कीचा वेग उतरवत.

ही चक्की १९६७ पर्यंत चालली. तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, अमेरिकेच्या नासाच्या विनंतीवरून ती दुरुस्त करण्यात आली आणि मोजमापांसाठी पुन्हा फिरवली गेली.