'थांब' म्हणणारी फ्रेम

'नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहितोस म्हणजे नक्की काय करतोस?' या घरच्या प्रश्नाला माझं उत्तर कवठे येमाईच्या शेतातलं आहे. एक जण मोटरपाशी, दुसरा दारं धरायला. वाफा भरत आला की तो ओरडतो, "बंद कर!" काठोकाठ भरेपर्यंत थांबून चालत नाही, कारण पाटातलं पाणी येतच राहतं.

इथरनेट १९७३ सालचं, अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतलं. तेव्हा सगळे संगणक एकाच तारेवर. दोघं एकदम बोलले की दोघांनीही थांबायचं. पुढे स्विच आले, दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक सुरू झाली. मग मंद यंत्रानं वेगवान यंत्राला आवरायचं कसं? १९९७ साली ८०२.३एक्स या मानकानं 'पॉज फ्रेम' दिली. तिच्यात एकच आकडा महत्त्वाचा, ० ते ६५,५३५. एक एकक म्हणजे ५१२ बिट जायला लागणारा वेळ. १० गिगाबिटच्या तारेवर जास्तीत जास्त थांबा सुमारे ३.३६ मिलिसेकंदांचा. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यात लहानात लहान अशी जवळजवळ ५० हजार पॅकेट्स जातात!

२०१० च्या सुमारास इंटेलमध्ये डीपीडीके सुरू झालं. त्यात पॅकेट्स कर्नलला वळसा घालून थेट प्रोग्रामच्या हाती येतात. पॉज फ्रेम मात्र सहसा येत नाही, नेटवर्क कार्डच ती गिळतं. आपण फक्त दोन खुणा ठरवायच्या: कुठवर भरलं की 'थांब', कुठवर उतरलं की 'सोड'. गोम अशी की 'थांब' अख्ख्या तारेला लागू होतं. एकाची रांग तुंबली की शेजाऱ्याचंही पाणी बंद. म्हणून २०११ साली वाहतुकीचे आठ वर्ग करून हवा तो वर्गच थांबवायची सोय झाली.

आता शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला चला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर हे संकेत १० गिगाबिट इथरनेटवरून पॅकेट्सच्या रूपात संगणकांकडे जातात. पाठवणाऱ्या कार्डाला 'थांब' म्हणता येईल, पण आकाशाला कोण सांगणार? कार्डाचा छोटासा साठा भरला की नमुने गळणारच, फक्त गळती एक पायरी वर सरकते. तिथे संगणकानंच वेग गाठायला हवा.

असो. पॉज चालू करण्याआधी मी हल्ली एवढंच बघतो, की पाठवणाऱ्याला खरोखर थांबता येतं का.